समुद्रघोड्यांसोबत दुसरे मासे ठेवायचे असतील तर

समुद्रघोडा जेवतो कसा, हे आधी एकदा निवांत बघा. मायसिस नावाची बारीक कोळंबी पाण्यातून तरंगत त्याच्यासमोर येते. घोडा जागचा हलत नाही. एक डोळा कोळंबीवर, दुसरा भलतीकडेच. मग मान हळूच झुकते, नळीसारखं तोंड कोळंबीपासून नखभर अंतरावर येऊन थांबतं. पुन्हा विचार. आणि मग 'टक्'! खोली शांत असेल तर हा आवाज काचेबाहेर ऐकू येतो. कोळंबी गायब. एवढ्यात पाच-सहा सेकंद सहज गेलेले असतात, आणि तेवढ्या वेळात एखाद्या चपळ डॅम्सेल माशाने टँकभरचं खाणं फस्त करून आणखी मागायला काचेपाशी धाव घेतलेली असते.

खाऱ्या पाण्याचा टँक नव्याने लावणारे लोक विचारतात, 'घोड्याला चावणार नाही असा मासा कोणता?' चावणारे मासे ओळखायला सोपे असतात. जे चावत नाहीत, त्रास देत नाहीत आणि तरी घोड्याला उपाशी मारतात, तेच खरे घातक. मी पहिल्यांदा जोडी आणली तेव्हा टँकमध्ये आधीपासून दोन क्लाउनफिश होते. भांडण नाही, पाठलाग नाही, सगळं कसं सुखासमाधानाचं. तीन आठवड्यांनी मादीच्या पोटाच्या कडा आत गेलेल्या दिसल्या. रोज घालत असलेलं मायसिस नेमकं कोणाच्या पोटात जातंय हे मी तोवर एकदाही उभं राहून पाहिलं नव्हतं. क्लाउनफिश मात्र गुबगुबीत झाले होते.

म्हणून टँक घोड्यांचा, बाकीचे पाहुणे, हे आधीच ठरवून घ्या. पाहुण्यांच्या टँकमध्ये घोडा सोडणं जवळजवळ नेहमीच अंगाशी येतं.

पहिली पायरी: प्राणी समजून घ्या

समुद्रघोड्याला जठर नसतं आणि दातही नसतात. तोंडाच्या नळीतून ओढलेलं अन्न सरळ आतड्यात जातं आणि फारसं न थांबता पुढे सरकतं. त्यामुळे एकदाच भरपूर खाऊन दिवस ढकलणं त्याला जमत नाही. मोठ्या घोड्याला दिवसातून दोनदा, जमल्यास तीनदा खायला लागतं. शेपटीला पर नाही. पाठीवरचा छोटासा पर सेकंदाला पस्तीसएक वेळा फडफडतो खरा, पण वेग यथातथाच. अंगावर खवले नाहीत, कातडीखाली हाडांच्या कड्या आहेत. पळून जाणं हा त्याचा पिंडच नाही. संकट आलं की शेपटी कशाला तरी गुंडाळायची आणि गप्प राहायचं, एवढंच त्याला येतं. मोकळ्या समुद्रात, गवतात रंग मिसळून बसल्यावर, ते पुरतं. उघड्या काचेच्या पेटीत पुरत नाही.

दुसरी पायरी: घोडा कोणता आणि कुठला

नवख्याने हिप्पोकॅम्पस इरेक्टस या जातीपासून सुरुवात करावी. अंगाने दणकट, खाण्यात कमी नखरे. रायडी ही जात दिसायला देखणी, पण तिचे लाड जास्त. कुडाही बऱ्याच जणांकडे असते. झोस्टेरी ही जेमतेम अडीच सेंटिमीटरची बुटकी जात आणि अ‍ॅब्डोमिनॅलिस ही थंड पाण्यातली, पस्तीस सेंटिमीटरपर्यंत वाढणारी थोराड जात, या दोन्ही मिश्र टँकसाठी विसरून जा. पहिलीला दिवसभर जिवंत, नुकतीच उबवलेली आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे इवलेसे जीव) लागते, दुसरीला लागणारं पाणी बाकी उष्ण समुद्रातल्या माशांना मानवत नाही.

घोडा टँकमध्ये जन्मलेला आणि वाढलेलाच घ्या. समुद्रातून पकडलेला घोडा बहुधा जिवंत खाणंच ओळखतो, गोठवलेल्या मायसिसकडे ढुंकून बघत नाही, शिवाय अंगावर परजीवी घेऊन येतो. समुद्रघोड्यांचा अख्खा वंश २००४ पासून साइट्स या, वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली आहे. म्हणजे एका देशातून दुसऱ्या देशात नेताना कागदपत्रं लागतात. काही देशांचे स्वतःचे कायदे याहून कडक आहेत, आणि तिथे घोडा बाळगणंच गुन्हा ठरू शकतं. टँकला हात लावण्याआधी आपल्या देशाचा कायदा बघून घ्या. कायद्यात बसत नसेल तर हा लेख इथेच मिटवा आणि कार्डिनल माशांचा सुरेख टँक लावा, खरंच सुरेख होतो.

घेताना विक्रेत्याला म्हणा, 'माझ्यासमोर गोठवलेलं मायसिस खायला घाला.' खाल्लं तर पुढचं बोलणं. आणि एकाच ठिकाणचे, एकाच जातीचे घोडे घ्या. दोन ठिकाणचे घोडे एकत्र केले की एकाच्या अंगवळणी पडलेले जंतू दुसऱ्याला झोपवतात. नळीमासे, म्हणजे पाइपफिश, घोड्याचेच भाऊबंद. ते सोबत शोभून दिसतात, पण जंतूंची हीच अडचण त्यांच्याबाबतीतही आहे. पहिल्या वर्षी तरी नको.

तिसरी पायरी: टँक

घोड्याला लांबीपेक्षा उंची हवी. जोडी नाचत नाचत वर चढते आणि त्या चढतानाच मादी नराच्या पोटावरच्या पिशवीत अंडी सोडते. बुटक्या टँकमध्ये ती निम्मी अंडी तळाला पडलेली दिसतात. पाण्याची उंची निदान ४५ सेंटिमीटर धरा. नुसत्या जोडीला ११० लिटर चालतं. पाहुणे येणार असतील तर मी २०० लिटरच्या खाली जाणार नाही. ७५ लांब, ४५ रुंद, ६० उंच असा टँक घेतला की हिशेब बरोबर बसतो.

आता तापमान. बहुतेक मिश्र टँक इथेच फसतात. रीफ टँक, म्हणजे कोरलचे (प्रवाळांचे) टँक, सर्रास २५-२६ अंशांवर चालवले जातात. घोड्यांसाठी २२ ते २३ अंश सेल्सियस ठेवा. घोड्याला ऊब आवडत नाही असं नाही, कितीतरी जाती उष्ण समुद्रातल्याच आहेत. पण बंद टँकमध्ये, उरलेल्या खाण्याच्या कुजण्यावर, व्हिब्रिओसारखे जिवाणू कोमट पाण्यात झपाट्याने फोफावतात आणि घोडा त्यांना लवकर बळी पडतो. समुद्रात ते पाण्याबरोबर वाहून जातात, टँकमधून कुठे जाणार? त्यामुळे पाहुणा निवडताना त्याला २३ अंश मानवतं का, ही पहिली चाळणी. दिवे आणि पंप पाणी तापवतातच. उन्हाळ्यात पाणी २५ च्या वर रेंगाळत असेल तर पंखा लावा, त्याने भागलं नाही तर पाणी थंड करणारं यंत्र, चिलर. हा खर्च टाळायचा असेल तर घोडेही टाळावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाकी पाण्याचं गणित नेहमीचंच. क्षारता विशिष्ट गुरुत्वात १.०२३ ते १.०२५, म्हणजे लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मीठ. पीएच ८.० ते ८.४. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट २० पीपीएमच्या आत. पाणी आटतं तेव्हा मीठ मागेच राहतं, म्हणून रोजची भर गोड्या आरओ पाण्याची घालायची, खाऱ्या पाण्याची नाही. नवा टँक चार ते सहा आठवडे माशांशिवाय चालू ठेवा. अमोनिया आणि नायट्राइट पचवणारे फिल्टरमधले जिवाणू तयार व्हायला तेवढा वेळ लागतोच. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन तिथेच टिकले की मग पुढे.

पाणी साचलेलंही नको आणि भोवऱ्यासारखंही नको. तासाला टँकच्या दहापट पाणी फिरलं तरी हरकत नाही, फक्त घोड्याला निवांत बसता येईल असे शांत कोपरे हवेत. पंपाच्या तोंडाला स्पंज लावा, नाहीतर शेपूट आत ओढली जाते. हीटर उघडा ठेवू नका. घोड्याला ती उभी, गोल, मजबूत काठी वाटते. तो तिला शेपटी गुंडाळून बसतो, हीटर चालू होतो, आणि भाजलं तरी तो सोडत नाही. पाच मिनिटांत बसणारी प्लॅस्टिकची जाळी हे सगळं टाळते.

शेपटीने धरायला जागा भरपूर द्या. ग्रॅसिलारिया, कॉलर्पा, कीटोमॉर्फा असं समुद्रशेवाळ उत्तम, ते नायट्रेटही शोषून घेतं. गॉर्गोनियन, केनिया ट्री, लेदर कोरल चालतात. युफिलिया, गॅलेक्सिया असे डंख मारणारे कोरल आणि समुद्रफूल म्हणजे अ‍ॅनिमोनी अजिबात नको. घोडा बघून बसत नाही, धरायला मिळालं की बसतो. दगड शक्यतो कोरडा घेऊन सुरुवात करा. समुद्रातून आलेल्या दगडाबरोबर एप्टेशिया आणि हायड्रॉइड हे डंख मारणारे बारीक जीव गुपचूप येतात, आणि एकदा शिरले की जाता जात नाहीत.

चौथी पायरी: पाहुणे

मी प्रत्येक माशाला तीन प्रश्न विचारतो. जेवतो किती वेगाने? टोचे मारतो का? आणि टँकमधला एखादा कोपरा आपल्या बापाचा समजतो का? तिन्ही उत्तरं चांगली यावी लागतात, दोन चालत नाहीत.

माझी पहिली पसंती छोट्या गोबींना. निऑन गोबी, क्लाउन गोबी असे इवलेसे मासे तळाशी किंवा दगडावर आपल्या तंद्रीत असतात. दोघे-तिघे ठेवले तरी घोड्याला पत्ता लागत नाही. फायरफिश स्वतःच इतका भित्रा की काही खुट्ट झालं की बिळात. फक्त त्याच्या टँकला झाकण हवं, तो उडी मारतो. कार्डिनल मासे, विशेषतः बँगाई आणि पजामा, पाण्यात ठिय्या देऊन तरंगत राहतात. त्यांचा संथपणा घोड्यांना शोभतो. बँगाई कार्डिनल इंडोनेशियातल्या एका छोट्या द्वीपसमूहातला, आणि तिथे तो धोक्यात आहे, म्हणून तोही टँकमध्ये जन्मलेलाच घ्या. रॉयल ग्रामा बहुतेक वेळा चालतो, पण आपल्या गुहेबद्दल थोडा हट्टी असतो. एकच ठेवा आणि गुहा घोड्यांच्या बैठकीपासून लांब द्या.

मँडरीन माशाबद्दल सगळे विचारतात, कारण तो इतका सुंदर आहे की विचारावंच लागतं. स्वभावाने तो घोड्याचा आदर्श शेजारी. पण तो दिवसभर दगडांवरचे कोपेपॉड नावाचे सूक्ष्म जीव टिपत जगतो, आणि २०० लिटरच्या नव्या टँकमध्ये ते दोन महिन्यांत संपतात. टँक वर्षभर मुरला असेल आणि तो मासा गोठवलेलं खातो याची खात्री असेल, तरच.

नको असलेल्यांची यादी मोठी आहे, पण कारणं मोजकीच. ट्रिगर आणि पफर टोचे मारतात. लायनफिश, ग्रूपर आणि ईल तोंडात मावेल ते गिळतात. टँग आणि मोठे एंजलफिश टँकभर चकरा मारून घोड्यांना अस्वस्थ करतात. डॅम्सेल भांडकुदळ. सिक्सलाइन रॅस लहान असला तरी त्याची घाई आणि दादागिरी दोन्ही मोठ्या माशाची. क्लाउनफिश काहींच्या टँकमध्ये नीट राहतात, हे खरं आहे. माझ्याकडे काय झालं ते वर सांगितलंच.

बिनकण्याच्या पाहुण्यांत ट्रोकस, सेरिथ, नॅसेरियस या गोगलगायी बिनधास्त घ्या. नॅसेरियस वाळूत दडून बसतात आणि खाण्याचा वास आला की सोंड वर काढत बाहेर येतात. उरलेलं मायसिस आवरायला याहून चांगला नोकर नाही. पेपरमिंट कोळंबी एप्टेशिया खाते. क्लीनर कोळंबी ठेवता येते, पण ती लबाड असते, घोड्याच्या समोरचा घास लांब पायांनी उचलून नेते. फार लहान कोळंबी असेल तर उलटं होतं, घोडाच तिला खातो. खेकडे नकोत. मोठा झालेला खेकडा शेपटी पकडतो, आणि घोडा जागचा हलत नाही हे तुम्हाला आता माहीत आहेच.

पाचवी पायरी: कोण आधी, कोण नंतर

घोडे आधी. ते रुळले, ठरल्या जागी ठरल्या वेळी जेवायला येऊ लागले, की मग पाहुणे. मधे निदान महिनाभर जाऊ द्या. त्यानंतर एका वेळी एक पाहुणा, आणि दोन पाहुण्यांमध्ये दोन आठवडे. प्रत्येक नवा मासा आधी वेगळ्या टँकमध्ये सहा आठवडे ठेवायचा. या एकांतवासाचा कंटाळा सगळ्यांना येतो. मलाही येतो. पण पांढऱ्या ठिपक्यांचा रोग एकदा घोड्यांच्या टँकमध्ये शिरला की तांब्याचं औषध तिथे घालता येत नाही, गोगलगायी, कोळंबी, कोरल सगळे जातात.

घोडा घरी आणल्यावर पिशवी वीसेक मिनिटं टँकमध्ये तरंगत ठेवा, तापमान सारखं होऊ द्या. मग बारीक नळीतून टँकचं पाणी थेंब थेंब घालत क्षारता जुळवा. पिशवी लांबच्या प्रवासातून आली असेल तर हे काम लांबवू नका. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि साठलेला अमोनिया जास्त विषारी होतो. हलवताना जाळी वापरू नका. पाण्याखालीच एखाद्या भांड्यात घोड्याला घ्या आणि तसाच सोडा. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका.

सहावी पायरी: जेवण

घोड्यांची जेवणाची जागा ठरवा. मी तळाशी एक उथळ काचेची वाटी ठेवतो, शेजारी धरायला शेवाळाची फांदी. एखादा पसरट शिंपलाही चालतो. वरून लांब काचेची नळी किंवा मोठा ड्रॉपर घेऊन मायसिस सरळ वाटीत सोडायचं. आठवड्याभरात घोड्यांना ती नळी ओळखू येते. माझा नर नळी पाण्यात शिरताच फांदी सोडून वाटीकडे निघतो, त्याच्या मानाने घाईघाईने.

गोठवलेलं मायसिस टँकच्याच थोड्या पाण्यात वितळवा, बारीक जाळीवर धुऊन ते गढूळ पाणी फेकून द्या, मग घाला. जीवनसत्त्वांचं पूरक औषध मिळालं तर त्यात दहा मिनिटं भिजवा. आर्टेमिया घोड्यांना फार आवडते, पण पूरक दिल्याशिवाय तिच्यात पोषण कमी. ती रोजचं जेवण नव्हे, खाऊ म्हणून ठीक.

पाहुण्यांचं काय? त्यांना आधी वाढायचं, आणि टँकच्या दुसऱ्या टोकाला. त्यांना पेलेट किंवा फ्लेक्स, म्हणजे तयार सुकं खाणं, द्या. बहुतेक घोडे पेलेटला तोंड लावत नाहीत, म्हणून स्पर्धाच होत नाही. कार्डिनल आणि ग्रामा तिकडे गुंतले, त्यांची पोटं निम्मी भरली, की इकडे वाटीत मायसिस सोडा. तरीही एखादा पाहुणा वाटीवर घिरट्या घालत असेल तर काही दिवस वाट बघा, आणि सवय सुटली नाही तर त्याला बाहेर काढा. तो सुधारेल अशी आशा धरून मी एकदा फार दिवस घालवले.

वाढल्यावर उठून जाऊ नका. पहिला महिना तरी प्रत्येक घोड्याने किती घास घेतले ते मोजा, 'टक्' ऐकू आला नाही तरी मानेचा झटका दिसतो. जोडीतला एक भराभर खाणारा आणि दुसरा रेंगाळणारा असतोच, वाटीत थोडं थोडं घालत गेलं की रेंगाळणाऱ्यालाही मिळतं. अर्ध्या तासाने उरलेलं सगळं त्याच नळीने ओढून घ्या. तापमानाखालोखाल घोड्याच्या तब्येतीला जपणारी गोष्ट हीच.

रोजची नजर

सकाळी दिवा लागल्यावर जोडी एकमेकांजवळ येते, रंग जरा उजळतो, शेपट्या गुंफून दोघं एक फेरी मारतात. हे दिसलं की त्या दिवसाची निम्मी काळजी मिटली. नाही दिसलं तर जवळून बघा. श्वास जोरात चालू आहे का? पोटाच्या कडा आत गेल्यात का? तोंडाच्या नळीचं टोक लाल किंवा पांढरं पडलंय का? शेपटीवर कातडीखाली बुडबुडे आहेत? नर शेपूट वर करून पृष्ठभागावर तरंगतोय आणि खाली जाता येत नाहीये? शेवटच्या दोन्ही गोष्टी वायूच्या बुडबुड्यांच्या आजाराच्या, वाट बघण्याच्या नाहीत. चाळीस लिटरचा, स्पंज फिल्टर आणि एक प्लॅस्टिकची फांदी एवढंच असलेला आजारी टँक तयार असू द्या, आणि माशांवर उपचार करणारा पशुवैद्य आधीच शोधून ठेवा. एक दिवसभर घोड्याने काहीच खाल्लं नाही, तर त्याच संध्याकाळी पाणी तपासा.

आठवड्याला दहा-पंधरा टक्के पाणी बदला. त्यात सांगण्यासारखं विशेष काही नाही, फक्त चुकवू नका.

सगळं नीट चाललं तर एक दिवस नराची पिशवी फुगलेली दिसेल. इरेक्टसमध्ये दोन-तीन आठवड्यांनी, बहुधा रात्री किंवा पहाटे, शेकडो पिल्लं बाहेर पडतात. प्रत्येक पिल्लू सेंटिमीटरभर, हुबेहूब घोडा. आईबाप त्यांच्याकडे पाहतसुद्धा नाहीत. पिल्लं वाढवायची असतील तर त्यांचा वेगळा टँक आणि दिवसातून अनेकदा ताजी उबवलेली आर्टेमिया यांची तयारी पिशवी फुगल्याच्या पहिल्या दिवसापासून हवी. नसेल तर सकाळी दिवा लावाल तेव्हा पंपाच्या स्पंजावर चिकटलेली दहा-बारा पिल्लं दिसतील, आणि बँगाई कार्डिनल पेलेटकडे वळणार नाहीत.